नातवाचा मागे राहिलेला हात

इगतपुरीत पावसाळ्याचे चार महिने छत्रीवाचून दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. छत्री उघडणे हे काही काम आहे असे आपल्याला वाटत नाही. परंतु त्याला दोन हात लागतात. एका हाताने दांडा घट्ट धरावा लागतो आणि दुसऱ्या हाताने कडे वर सरकवावे लागते. गेल्या आषाढात माझ्या दवाखान्याच्या पायरीवर आठ वर्षांचा एक मुलगा हे काम करीत होता. उजव्या हाताची बोटे दांड्याभोवती मोठ्या प्रयासाने मिटत होती. दोनदा दांडा निसटला, तिसऱ्यांदा टिकला आणि छत्री उघडली. मिनिटभर तरी लागले असेल. मागे त्याची आजी उभी होती. तिने आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून धरले होते. नातवाच्या मदतीला ते आपोआप पुढे जाऊ नयेत, म्हणून तिने लावून घेतलेली ही सवय होती.

या मुलाला जन्माच्या सुमारास पक्षाघात झाला होता. खेड्यापाड्यांत ज्याला ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात, तो आजार म्हातारपणीचा, असे आपण धरून चालतो. तो लहान मुलांनाही होतो. त्यातून मागे राहिलेला हात पुन्हा कामाला लावण्यात औषधांपेक्षा घरातल्या माणसांचा वाटा मोठा असतो, विशेषतः आजी-आजोबांचा. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी लिहीत आहे.

‘डावखुरा असेल’

आधी माझी चूक सांगतो. हा मुलगा सात महिन्यांचा असताना आजी त्याला खोकल्यासाठी घेऊन आली होती. तपासून झाल्यावर ती म्हणाली, “डॉक्टर, हा खुळखुळा डाव्याच हातानं घेतो. उजवा हात मिटलेलाच असतो.” दवाखान्यात गर्दी होती. मी हसून म्हणालो, “आजी, डावखुरा असेल. काळजी करू नका.” तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि ती गेली.

पुढे दीड वर्षाचे झाल्यावर मूल चालू लागले, तेव्हा उजवा पाय चवड्यावर टेकत होता आणि उजवा हात कोपरात दुमडून छातीशी येत होता. तेव्हा मात्र मी त्याला बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात जुन्या पक्षाघाताची खूण दिसली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बाळाला आकडी आली होती, ही गोष्ट आजीने तेव्हा सांगितली. मी ती सात महिन्यांच्या वेळी विचारायला हवी होती. आमच्या हातून जवळजवळ एक वर्ष निसटले.

वाचकांनी हे लक्षात ठेवावे: पहिल्या वाढदिवसाच्या आधी बाळ एकच हात ठळकपणे वापरत असेल, तर त्याला डावखुरे किंवा उजवे म्हणून सोडून देऊ नये. हाताची खरी आवड त्यानंतर सावकाश ठरत जाते. त्याआधी एक हात मागे राहणे, एकच मूठ सतत आवळलेली असणे, अंगठा तळहातात दबलेला असणे, रांगताना एक बाजू ओढली जाणे ही तपासणीची कारणे आहेत. आणि अशी गोष्ट घरात सर्वांत आधी दिसते ती बाळाला दिवसभर मांडीवर घेणाऱ्या आजीलाच. डॉक्टरांनी हसून टाळले तरी तिने पुन्हा विचारावे.

लहान मुलांना पक्षाघात का होतो?

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, तर त्या भागातील पेशी मरतात. प्रौढांत याचे मूळ बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूत असते. मुलांत कारणे निराळी असतात. जन्माच्या सुमारास होणाऱ्या पक्षाघातात वारेतून आलेली गुठळी, जंतुसंसर्ग, रक्त गोठण्यातील दोष अशी कारणे संभवतात. अनेकदा निश्चित कारण सापडतही नाही. आईने काही खाल्ल्याने, ग्रहणात बाहेर पडल्याने किंवा काम केल्याने हे झाले, असा समज अनेक घरांत असतो. त्याला कसलाही आधार नाही, आणि त्या सुनेवरचा तो ओझ्यासारखा आरोप घरातल्या वडीलधाऱ्यांनीच उतरवायला हवा.

मोठ्या मुलांत जन्मजात हृदयविकार, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार, तीव्र रक्तक्षय आणि सिकलसेल ही कारणे आढळतात. कांजिण्यांनंतर काही महिन्यांत पक्षाघात झाल्याचीही उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या मेंदूतील रक्तप्रवाह डॉपलर तपासणीने पाहता येतो आणि धोका आधी ओळखून योग्य उपचारांनी तो बराच कमी करता येतो.

मुलाचे तोंड अचानक एका बाजूला वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, आकडी आली किंवा कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे.

हात दुबळा असतो, त्याहून अधिक विसरलेला असतो

“लहान आहे, मेंदू कोवळा आहे, आपोआप भरून येईल,” असे अनेकजण सांगतात. यात अर्धेच सत्य आहे. बालकाचा मेंदू घडण्यास तयार असतो. पण तो ज्याचा वापर होतो त्याप्रमाणे घडतो. मूल चलाख असते. एक हात नीट चालतो आणि दुसऱ्याने वस्तू निसटते, हे त्याला चटकन कळते. मग ते सर्व कामे चांगल्या हाताने उरकू लागते. दुबळा हात वापरातून जातो, वापर नसल्याने मेंदूतील त्याची जागा आक्रसते आणि हात आणखी दुबळा होतो. असे हे चक्र फिरत राहते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून ही गोष्ट उलगडली. एका हाताची संवेदना तोडली की माकड तो हात वापरणेच सोडून देई, जरी स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसा शाबूत असत. चांगला हात काही काळ अडवून ठेवला, तर तेच माकड सोडलेला हात पुन्हा वापरू लागे. टॉब यांनी याला ‘शिकलेला अवापर’ असे म्हटले. जे शिकले गेले, ते उलट दिशेने पुन्हा शिकवताही येते, हा यातला आशेचा भाग.

याच विचारातून एक उपचारपद्धती जन्मली. चांगल्या हातावर मऊ हातमोजा किंवा हलके आवरण चढवायचे आणि त्या वेळात खेळ, खाणे, वस्तू उचलणे हे सारे दुबळ्या हाताने करवून घ्यायचे. सुरुवातीच्या काळात हे दिवसाला सहा-सहा तास, सलग दोन-तीन आठवडे केले जाई. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत ॲन-क्रिस्टिन एलियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या आतल्या बाळांसाठी सौम्य रूप तयार केले. त्यात आईवडीलच घरी रोज सुमारे अर्धा तास बाळाशी असा खेळ खेळतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन यांनी दुसरी वाट दाखवली: कोणताही हात न अडवता, ज्यांना दोन हात लागतातच अशी कामे मुलाकडून भरपूर करवून घेणे. पुढील अभ्यासांत असे दिसले की सरावाचे तास सारखे असतील, तर दोन्ही पद्धतींचा लाभ जवळपास सारखाच असतो. महत्त्व तासांना आहे. हाताच्या एकूण कामात फरक दिसण्यास साधारण तीस ते चाळीस तासांचा नेटका सराव लागतो. रोज चाळीस मिनिटे धरली, तर दीड महिन्यात तीस तास भरतात. हे कोणत्याही घराला परवडण्याजोगे आहे.

तेलाचे मालीश आणि हात ओढून ताणणे यांविषयीही स्पष्ट सांगतो. मालीशाने मुलाला बरे वाटते, आजीच्या हाताची ऊब मिळते. ते बंद करा असे मी म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याने हलवलेला हात स्वतः काही शिकत नाही. मुलाने स्वतःहून केलेली हालचालच मेंदूत उमटते. ताठरपणा कमी करणारे बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन किंवा मनगटाला दिलेली आधारपट्टी यांचा काही मुलांना उपयोग होतो, पण त्यांच्या जोडीला सराव नसेल तर तो उपयोग फार काळ टिकत नाही.

रोजच्या कामातून उपचार

दैनंदिन कामांतून रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या कमलाताई निंबकर महाराष्ट्राच्या सून होत्या. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या भारतात राहिल्या, या विषयाचे प्रशिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचेच नाव चालवते. रुग्णाने उपयोगाचे काम करता करता बरे व्हावे, ही या शास्त्राची दृष्टी. आणि अशा कामांना आपल्या घरांत तोटा नाही.

आमच्या या मुलाची व्यवसायोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत आजीला म्हणाली, “आजी, याला उद्यापासून तुम्ही भरवायचं नाही.” आजी माझ्याकडे येऊन रडली. “माझ्या हातानं घास द्यायचा नाही, तर मग मी आजी कशाला?” तिचे दुःख खरे होते. मूल आजारी, त्यात आपण त्याला ताटकळत ठेवायचे, हे तिला क्रूरपणाचे वाटले. मी तिला एकच सांगितले: घास देऊ नका, पण समोर बसा. तिने पितळी वाटीत भाताच्या लहान मुदी करून ठेवायला सुरुवात केली. वाटी निसटू नये म्हणून खाली ओला पंचा. पहिले आठ दिवस तोंडात कमी आणि जमिनीवर अधिक गेले. तिसऱ्या आठवड्यात एक मूद तोंडापर्यंत पोहोचली.

पुढे आजीने स्वतःच कामे शोधली. तिची यादी पुढे देतो. आपल्या घराप्रमाणे तिच्यात भर घालावी.

लहान बाळासाठी: मोठा हलका चेंडू दोन्ही हातांनी झेलायला देणे, दुबळ्या हाताच्या बाजूने खेळणे पुढे करणे, टाळ्या, ताटलीत पाणी थोपटणे, कणकेचा मऊ गोळा चेपणे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी: वाटाणे सोलणे, डब्याचे सैल झाकण उघडणे, ओला रुमाल पिळणे, पोळपाटावर छोटी पोळी लाटणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, चाळणी हलवणे.

शाळकरी मुलासाठी: भुईमुगाच्या शेंगा फोडणे, रवीने ताक घुसळणे, झेंडूच्या फुलांचा हार ओवणे, वहीला कव्हर घालणे, शर्टाची बटणे, दप्तराची चेन आणि पावसाळ्यात छत्री.

यात दुबळ्या हाताने अवघड कामच करावे असे नाही. त्याने वाटी धरली, कागद दाबला, शेंग पकडून ठेवली, तरी तो कामात आला. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात तो हात पुढे ‘मदतनीस हात’ म्हणूनच राहतो, आणि चांगला मदतनीस ही लहान गोष्ट नव्हे.

काम निवडताना मुलाला विचारावे. आमच्या मुलाला काय हवे होते, तर छत्री. वर्गातली मुले छत्री उघडून पळत आणि हा कुणाची तरी वाट पाहत फाटकाशी थांबे. ज्या कामाची मुलाला गरज वाटते, त्यासाठी ते शंभर वेळा प्रयत्न करते. आपण लादलेल्या व्यायामासाठी दहा वेळाही करत नाही. काम दहापैकी सहा-सात वेळा जमेल इतपत सोपे ठेवावे, जमू लागले की किंचित अवघड करावे. आणि मदतीला हात पुढे जाऊ लागला, की मनात वीसपर्यंत मोजावे. बहुतेक वेळा पंधराच्या आतच मूल काहीतरी मार्ग काढते.

काय टाळावे

चांगला हात दोरीने, ओढणीने बांधून ठेवू नये. हात अडवण्याचा उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच, ठरलेल्या वेळेपुरता आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर करावा. जिन्यावर, अंगणात, पळताना तो हात मोकळा हवा. पडताना तोच सावरतो. मूल रडत, चिडत असेल तर थांबावे.

दुबळ्या हाताला धरून मुलाला वर उचलू नये. खांद्याला इजा होते. अनेक मुलांत त्या हाताची संवेदनाही कमी असते. चुलीजवळ, गरम तवा किंवा चहाच्या पातेल्याजवळ भाजले तरी मुलाला उशिरा कळते. ताटातल्या एकाच बाजूचे जेवण उरत असेल, एकाच बाजूला धडक बसत असेल, तर दृष्टीची तपासणी करावी. आकडीची औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. आणि मुलासमोर “बिचारा”, “लुळा हात” असे शब्द वापरू नयेत. आमच्या आजीने त्या हाताला ‘शिकाऊ हात’ असे नाव दिले होते. मुलगा अजूनही तेच म्हणतो.

मदत कोठे मिळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात. शंका असलेल्या मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय त्यात आहे. आपली अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना ‘एक हात मागे राहतो’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात काम करीत आहे, आणि इगतपुरीहून तेथे रेल्वेने जाऊन येणे अवघड नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा, तसेच सिकलसेलचाही समावेश आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून ठेवल्यास शाळेत व प्रवासात सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्र काढले म्हणजे मुलावर शिक्का बसला, ही भीती मनातून काढावी.

तज्ज्ञाकडे महिन्यातून एकदा जाणे झाले तरी चालेल. त्यांच्याकडून पुढच्या महिन्याची दोन-तीन कामे ठरवून घ्यावीत. उरलेले एकोणतीस दिवस घराचे असतात.

ज्येष्ठांसाठी आणखी एक गोष्ट

हे वाचणाऱ्यांपैकी काहींना स्वतःला पक्षाघात होऊन गेला असेल. टॉब यांची पद्धत मुलांइतकीच प्रौढांनाही लागू पडते. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने उलटल्यानंतरही या सरावाने हाताचा वापर सुधारल्याचे आढळले. त्या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी हालचाल उरलेली होती, ही अट लक्षात घ्यावी. तेव्हा सुनेने किंवा मुलाने प्रेमाने चहाचा कप तोंडाशी आणला, तर थोडे थांबवावे, आणि तोल सांभाळून स्वतःच्या हाताने जमेल तेवढे करावे. कित्येक घरांत आजोबा आणि नातू एकाच ताटातील शेंगा सोलत बसू शकतील.

खोटी आशा मी देणार नाही. आमच्या मुलाचा उजवा हात डाव्यासारखा झालेला नाही, होणारही नाही. तो डाव्या हातानेच लिहितो. सुईत दोरा ओवणे त्याला जमत नाही, थंडीत बोटे अधिक आखडतात आणि उंची वाढली की स्नायू पुन्हा ताठरतात, मग पुन्हा तज्ज्ञाकडे जावे लागते. मी ते एक वर्ष घालवले नसते तर आज बोटे आणखी मोकळी असती का, हा प्रश्न मला त्याला पाहताना पडतोच. परंतु तो जेवतो, बटणे लावतो, पाण्याची बाटली उघडतो आणि पावसात कुणाची वाट पाहत थांबत नाही.

आपल्या घरात वर्षाच्या आतले बाळ असेल, तर आज त्याला मांडीवर बसवून एक खेळणे समोर मधोमध धरून पाहावे. मग उजवीकडे, मग डावीकडे. दोन्ही हात पुढे येतात ना, एवढेच पाहायचे आहे. पुन्हा पुन्हा पाहूनही एकच हात येत असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. आणि “डावखुरा असेल” असे उत्तर मिळाले, तर माझ्या वतीने त्यांना सांगावे, की इगतपुरीच्या एका डॉक्टरचीही तशीच चूक झाली होती.